काचेच्या कापडाचं ठिगळ

आमच्या घरात वस्तू टाकून द्यायची पद्धत नव्हती. घमेल्याला भोक पडलं तर डांबर, घागर गळली तर तांबट, कासरा तुटला तर गाठ, आणि कापड फाटलं तर मी. माहेरहून आलेलं हाताचं शिवणयंत्र माझ्याकडे होतं आणि गावातल्या निम्म्या बायकांच्या पोलक्यांना माझा हात लागलेला होता. ठिगळ लावण्यात मी कुणाला हार गेले नसते. पण नवऱ्याच्या पायाला ठिगळ लावायची वेळ येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. घरटी थोडा ऊस आणि घरटी एक माणूस पलटणीत. आमचे हेही पलटणीत होते. पासष्टच्या लढाईत सुरुंगावर ह्यांचा डावा पाय पडला आणि गुडघ्याखाली वीतभर ठेवून बाकीचा तिथेच राहिला. कितीतरी महिने दवाखान्यात काढून हे घरी आले ते पुण्याला करून दिलेला नवा पाय लावून. खाली लाकडी पाऊल, वर मांडीला आवळायचे चामड्याचे पट्टे, आणि मध्ये पोटरीच्या जागी एक पोकळ कवच. ते कवच ना लाकडाचं, ना पत्र्याचं. पिवळसर, हलकं, टिचकी मारली तर सुक्या भोपळ्यासारखं वाजणारं. हे म्हणायचे, "फायबर हाय." त्यापलीकडे त्या पायाबद्दल आमच्या घरात शब्द निघत नसे.

हे सकाळी आतल्या खोलीत जात, कडी लावत आणि बाहेर येत ते खाकी विजार घालून, ताठ, हातात काठीसुद्धा न घेता. गावाला सगळं ठाऊक होतं, पण गावाने पाहिलं काही नव्हतं, आणि जे पाहिलं नाही त्याबद्दल कुणी विचारू नये अशी ह्यांची शिस्त. मलाही तीच शिस्त. दुपारी आडवं होताना हे पाय काढून भिंतीला टेकवत आणि कमरेपर्यंत वाकळ ओढून घेत, भर वैशाखातसुद्धा. घामाने निथळतील, पण वाकळ काढणार नाहीत. मला ह्या गोष्टीचा फार राग यायचा. लग्नाची बायको मी, आणि माझ्यापासून लपवायचं! मला किळस येईल अशी ह्यांना भीती वाटते, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त राग यायचा.

त्या वर्षी खंडेनवमीला मी एक उद्योग केला. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं घासून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. शेजारी माझं यंत्र. पूजा करता करता माझ्या मनात आलं, ज्याच्या जिवावर घर चालतं ते हत्यार, तर ह्या घरातलं सगळ्यात मोठं हत्यार आत भिंतीला टेकून उभं आहे. हे जेवून झोपले होते. मी पावलं न वाजवता पाय उचलून आणला, करडईच्या तेलाने लख्ख पुसला, कुंकवाचं बोट टेकवलं, फूल वाहिलं आणि पाया पडले. मागे वळून बघते तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी मान खाली घातली. परडीतलं आणखी एक फूल काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

हे उठायच्या आत कुंकू पुसून पाय होता तिथे ठेवला. पण तेव्हापासून मला खोडच लागली. आठवड्यातून एकदा हे झोपले की मी तेलाचं बोळकं घेऊन बसायची. गाडीच्या आसाला वंगण लागतं, वहाणेला तेल लागतं, मग ह्यालाच का नको? पट्ट्यांचं चामडं मऊ राहतं म्हणून मी मनाची समजूत घालायची, पण हात फिरायचा तो कवचावरच जास्त. खऱ्या पायाला हात लावू देत नव्हते ना, मग ह्या पायाला तरी.

दिवाळीनंतर धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. सासरे आधीच गेलेले, त्यामुळे थोरला भाऊ म्हणून सगळं ह्यांच्याकडे. वऱ्हाड शिवेवरच्या मारुतीपाशी आलं की मुलीकडच्या कर्त्या माणसाने सामोरं जायचं, नवरदेवाचे पाय धुवायचे आणि त्याला वाजतगाजत मांडवात आणायचं. देऊळ आमच्या घरापासून अर्ध्या मैलावर. लोकांनी गाडी जुंपायची गोष्ट काढली तेव्हा हे म्हणाले, "मी चालत जानार आन चालत आननार. माझ्या भनीला कुनी म्हनाया नगं, हिचा भाऊ पांगळा हाय." नणंद हे ऐकून आत गेली आणि चुलीपुढे बसून रडली.

आणि लग्नाला दहा दिवस असताना ते झालं. उसाची गाडी मळ्यातून वर येत होती, मी मागून वैरणीचा भारा घेऊन चालले होते. चढाला बैल थांबले आणि गाडी मागे सरकू लागली. आमच्याकडच्या माणसांना लहानपणापासून एक सवय असते. गाडी सरकली की चाकामागे घालायला धोंडा सापडेपर्यंत पाय लावायचा. ह्यांनी लावला. कोणता पाय लावतोय ह्याचा विचार सवयीला नसतो. काडकन आवाज झाला तो मला भाऱ्याखालून ऐकू आला.

कवचाला पुढच्या अंगाने वीतभर उभा तडा गेला होता. वजन टाकलं की तडा उघडायचा आणि आतल्या कातडीला चिमटा बसायचा. पुण्याला नेला असता तर दुरुस्त झाला असता, पण तिथे नंबर लागून महिना तरी गेला असता. दवाखान्यातून आणलेल्या कुबड्या माळ्यावर होत्या. त्या काढायचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. तिसऱ्या दिवशी आत्याबाई धीर करून म्हणाल्या, "तुजा चुलतभाऊ जाईल रं शिवंला. त्यात काय कमीपना?"

"जाऊ द्या की," हे म्हणाले. "मी त्या दिशी मळ्यात ऱ्हातो."

हे आवाज न चढवता म्हणाले. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ताटातली भाकरी तशीच होती. बहिणीच्या लग्नाच्या दिवशी हा माणूस एकटा मळ्यातल्या खोपटात बसून हलगी ऐकणार, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

पण मी तोवर हातावर हात ठेवून बसले नव्हते. माझा थोरला भाऊ कोयनानगरला, धरणाच्या वर्कशॉपात फिटर होता. भाऊबीजेला आला तेव्हा तो एका होडीबद्दल सांगत होता. धरणाच्या पाण्यात साहेब लोक मापं घ्यायला जातात ती होडी फायबरची, खडकाला लागून फुटते, आणि दादा ती काचेच्या कापडाने सांधतो. काचेचं कापड म्हटल्यावर मी खो खो हसले होते. दादाला थापा मारायची सवय होतीच. पण पाय मोडला त्याच दिवशी मी त्याला कार्ड टाकलं: "होडी सांधायचं सामान घेऊन लगेच ये. होडी नाही, तरी ये."

दादा चौथ्या दिवशी दुपारच्या एसटीने आला. साहेबांना विचारून उरलंसुरलं सामान त्याने पिशवीत घातलं होतं. एका डब्यात काकवीसारखा दाट रस, एका लहान बाटलीत पाण्यासारखी दवा, पॉलिश पेपर, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते कापड. मी उलगडून पाहिलं. पांढरं, चमकणारं, साधं उभं-आडवं विणलेलं. दादाची थाप नव्हती तर!

हे आतून बाहेर यायला तयार होईनात. दादा उंबऱ्यातून म्हणाला, "पाव्हणं, म्या तुमचा पाय बगाया आलू न्हाई. होडी बगाया आलूय. होडी तेवडी द्या." आतून पाय बाहेर आला. नंतर, मी माळ्यावरून काढून निमूट आत सरकवलेल्या कुबड्यांवर हेही आले आणि कमरेला धोतर गुंडाळून ओट्यावर लांब बसले.

दादाने मला सगळं शिकवलं. तडा जिथे संपतो तिथे बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे चिरत जात नाही. हे मला लगेच पटलं, पोलक्याच्या चिरेच्या टोकाला आम्हीही टाका घालतोच. मग पॉलिश पेपरने घासायचं. मग वाटीभर रसात दवेचे मोजून दहा थेंब घालून ढवळायचं, रस कापडात मुरवायचा आणि कापड तड्यावर बसवून ब्रशने आतली हवा काढायची. वास असा, की डोकं धरलं. घासताना उडणारी पूड अंगाला लागली की खाजकुयली बरी.

घासायच्या आधी दादाने कवच हातात फिरवलं आणि विचारलं, "ह्येला तेल-बिल, वंगान कवा लागलं न्हाई नव्हं? तेलावर मातूर रस धरत न्हाई."

"त्याल कशाला लागतंय?" हे ओट्यावरून म्हणाले.

दादाने माझ्याकडे पाहिलं. आत्याबाई दळणाची पाटी घेऊन चालल्या होत्या त्या थांबल्या. आणि मी, सात आठवडे तेल चोपडणारी, तोंड वर करून म्हणाले, "न्हाई बाई."

का खोटं बोलले? ह्यांच्यापुढे तोंड उघडायचं धाडस झालं नाही, दुसरं काय. विळ्या-खुरप्यांच्या पंगतीत ह्यांचा पाय मांडला हे ह्यांना कळलं असतं तर काय झालं असतं, ह्याची मला धास्ती होती. म्हटलं, थोडं तेल, तेही पुसलेलं, घासताना निघून जाईल.

ठिगळ छान बसलं. उन्हात ठेवलं, संध्याकाळपर्यंत दगड झालं. दादा सकाळच्या पहिल्या गाडीने कामावर परत गेला. उजाडल्यावर ह्यांनी कवचावर अंगठ्याने दाब दिला, आणि ठिगळाची कड उचलली. मग हलक्या हाताने ओढलं तर अख्खं ठिगळ भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं. हे त्याच्याकडे बघत राहिले. "न्हाई व्हायचं," म्हणाले, आणि कुबड्यांकडे हात नेला.

तो हात मला बघवला नाही. मी तिथेच खाली बसले आणि म्हणाले, "आवं, मी त्याल लावलंय त्याला."

"कवा?"

"दसऱ्यापासनं. दर आठवड्याला."

"कशाला?"

"पूजा केली खंडेनवमीला. हत्यारांत मांडला. मग नाद लागला."

मी डोळे मिटून घेतले. जे काय फेकून मारायचं ते मारू द्या, मी मारच खायला बसले आहे, असं मनाशी म्हटलं.

"कुक्कू बी लावलंस?"

"व्हय."

"आन फूल?"

"दोन. एक आत्याबाईंचं."

मग हे हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. आत्याबाई धावत आल्या. हे म्हणाले, "पलटनीत आमी दसऱ्याला बंदुकीची पूजा करायचू. एक जन चुकायचा न्हाई. आन हितं मला वाटायचं, ह्यो पाय घरात आला आन समद्यास्नी सुतक लागलं. आन तुमी दोगी फुलं वाहताय व्हय गं?"

पुण्याहून आल्यापासून ह्यांचं इतकं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं.

लग्नाला आता पाच दिवस होते आणि डब्यात एका ठिगळापुरताच रस उरला होता. चूक करायला जागा नव्हती. मी धुण्याचा सोडा घालून कढत पाणी केलं आणि कवच तीनदा धुतलं, तेलकट भांडं धुतात तसं, पाणी न थबकता वाहून जाईपर्यंत. उन्हात वाळवलं. मग पॉलिश पेपर. ह्या वेळी हे घासायला बसले आणि मी कापड बेतायला. पहिलं ठिगळ कापड सरळ धरून कापलं होतं, ते नडगीच्या वळणावर नीट लोळत नव्हतं. शिवणारीला हे कळायला हवं होतं. बगलेच्या गोलाईला सरळ कापड लावलं तर चुण्या पडतातच. आता मी कापड तिरकं धरून कापलं. तिरकं कापड ताणतं, वळतं, जिथे न्याल तिथे जातं. दोन तुकडे केले, एक लहान, एक त्याच्यापेक्षा दोन बोटं मोठा.

पण तडा नेमका कुठपर्यंत उघडतो आणि आतून कुठे टोचतो, ते पाय घालून उभं राहिल्याशिवाय कळणार नव्हतं. मी म्हटलं, "घाला बगू एकदा." हे कडी लावायला उठले. मी म्हटलं, "कडी लावून मला काय भिंतीतनं दिसनार हाय?"

हे थांबले. मग बाजेवर बसले आणि धोतर बाजूला केलं.

गुडघ्याखाली वीतभर पाय होता. टोक गोल, कातडी नव्या भांड्यासारखी गुळगुळीत, आणि आडवी शिवण. तड्याने चिमटा घेतलेल्या जागी दोन लाल वळ उठले होते. मला किळस आली नाही. रडूही आलं नाही, ह्याचं मलाच नवल वाटलं. मला त्या तुकड्याची माया आली, एवढंच खरं. लढाईतून माझ्यासाठी इतका तरी परत आला होता. मी शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हटलं, "टाकं बरं घातल्यात."

"डागदरचं टाकं हायत ती," हे म्हणाले.

"असूद्यात. माजं ह्याच्यापरास बारीक असत्यात."

"तुला न्यायला पायजे हुतं मग," हे म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही तसेच बसलो. बाहेर आत्याबाई कुणाला तरी मोठ्याने सांगत होत्या की आत कामं चालली आहेत, नंतर या.

रस ह्यांनी कालवला. थंडी पडली होती म्हणून दोन थेंब जास्त घालावेत की काय, ह्यावर आमची वादावादी झाली. ह्यांचं लहानपण गुऱ्हाळावर गेलेलं. गुळाची काहील कधी उतरायची ते नुसत्या उलथण्यावरच्या तारेवरून ओळखणारा हा माणूस. "अकरा," हे म्हणाले, आणि वाटी हातात धरून रस कधी घट्ट व्हायला लागतो ते बघत राहिले. मी कापड मुरवत होते. "आता लाव. आता थांब. लहान आत, मोटा वर. लवकर, धरतंय." वाटी गरम झाली तेव्हा माझं काम संपलं होतं. पाय दोन दिवस ओट्यावर उन्हात ठेवला. ह्यांच्या पहाऱ्यात. आल्यागेल्याला दिसेल अशा जागी.

तिसऱ्या दिवशी मी नखाने कड उचलायचा प्रयत्न केला, नखच मोडलं. कवचाच्या पिवळ्या रंगावर माझं ठिगळ काळपट दिसत होतं, कडेला दोन दशा सुटलेल्या होत्या, आणि एका ठिकाणी हवेचा बुडबुडा राहून गेला होता. तेवढा माझ्या डोळ्यांना खुपायचा.

लग्नाच्या दिवशी हे फेटा बांधून, पांढरा पायजमा घालून शिवेपर्यंत चालत गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे. लोक नवरदेवाकडे बघत होते, मी ह्यांच्या डाव्या टाचेकडे. प्रत्येक पावलाला मला तो काडकन आवाज ऐकू यायचा आणि प्रत्येक पावलाला तो आलेला नसायचा. हे पाटावर बसले, नवरदेवाचे पाय धुतले, मी पाणी घातलं. उठताना मी हात पुढे केला, तर देवळाच्या खांबाला धरून स्वतःच उठले.

परत निघालो. वळणावर वऱ्हाड जरा रेंगाळलं, हलगी थांबली. वरपक्षाची एक म्हातारी माझ्याजवळ येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आगं, तुमच्यात पाय ग्येल्याला भाऊ हाय म्हनं, त्यो कंचा? आला न्हाई व्हय?"

"घरी हायती," असं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलंही. तेवढ्यात पुढे चाललेले हे मागे वळले.

"मीच त्यो, आज्जी," हे म्हणाले.

आणि भर रस्त्यात, सोयऱ्यांसमोर, गावासमोर, ह्यांनी वाकून पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. उन्हात ते काळपट ठिगळ चकाकलं. बुडबुड्यासकट.

"पाय पुन्याला केला, मोडला म्या, आन जोडला हिनं," माझ्याकडे बोट करून हे म्हणाले. "बगा, कसा जोडलाय."

म्हातारी वाकली. तिने ठिगळावरून हात फिरवला, कड चाचपली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "लय झ्याक बसीवलंस गं बाई." मला हुंदका आवरला नाही. इतक्या माणसांत नवऱ्यासाठी रडायची लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. ह्यांनी पायजमा खाली केला आणि हलगीवाल्याला म्हणाले, "वाजीव रं."

सगळे पुढे निघाले. मी पदराने तोंड पुसलं, तांब्या दुसऱ्या हातात घेतला आणि चार पावलं झपाट्याने टाकून ह्यांच्या बरोबरीने चालू लागले. गावातून बाईने नवऱ्याच्या बरोबरीने चालायचे ते दिवस नव्हते. घर येईपर्यंत ह्यांनी मला मागे हो म्हटलं नाही.